चौदा की एकवीस

कंदरला, केळीच्या बागेमागे, काठावर
दोन बोटी ट्रॉलीवर उभ्या होत्या,
ताडपत्री अर्धीच काढलेली.
एक चौदा फुटी, चाळीस घोड्यांची.
एक एकवीस फुटी, एकशे पंधरा.
मी खिशातून टेप काढला.
बत्तीस वर्षं चादरीचा पन्हा मोजला,
तोंडी मापावर विश्वास ठेवायला शिकलोच नाही.
एकवीसवाली साडेवीस भरली.
विकणारा म्हणाला, किनार धरून मोजा ना, येमूलशेठ.

माग विकले तेव्हापासूनचं हे खूळ.
बारा माग, भंगाराच्या काट्यावर, किलोनं.
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये आता कुणीतरी
फरसाणाचे खोके ठेवतो.
खटखट गेली, आणि कानाला इंजिन हवंसं झालं,
हे मी कुणाला सांगितलं नाही.
घरी सांगितलं: हवापालट.

नागमणी म्हणाली, नळाला पाचव्या दिवशी पाणी येतं
आणि तुम्ही बोट घेताय.
मग म्हणाली, पाचशेची टाकी की हजाराची,
यात तुम्ही तीन वर्षं घालवली.
शेवटी माझ्या भावानं आणली.
हे तेलुगूत म्हणाली. तेलुगूत जास्त लागतं.

मोठीत नऊ जण बसतात.
मी मोजायला लागलो. आम्ही दोघं.
वेणू बंगळुरात, आला तर. त्याची दोन पोरं.
सुनेला पाण्याची भीती, पण धरू.
मेहुण्याचे गुडघे.
आठव्या जागेपर्यंत पोचलो तर तिथं
शेजारचे बुर्ले सर बसले होते,
ज्यांच्याशी पार्किंगवरून
मी दोन वर्षं बोलत नाही.

मोठीला छत, सोफा, बर्फाची पेटी,
पेले ठेवायला सहा भोकं.
लहानीला दोन बाकं आणि एक दोर.

मल्हारी भोई तिथंच जाळं उकलत बसला होता.
त्याला कुणी विचारलं नव्हतं.
म्हणाला, उन्हाळ्यात धरण उण्यात जातं,
मग आमचं गाव वर येतं.
मोठी तीन फूट पाणी मागती, मालक.
मागं असाच एक साहेब
आमच्या शाळेच्या जोत्याला लागला.
शाळा त्यानं बोटानं दाखवली नाही, हनुवटीनं दाखवली.
तिथं नुसतं पाणी होतं, आणि त्यावर
एक प्लास्टिकची बाटली.

दोन्ही फिरवून दाखवल्या.
मोठी गुळगुळीत. लाट आली कधी, गेली कधी, कळेना.
सोफ्यावर बसून बातम्या बघाव्या
तसं पाणी बघितलं.
लहानी आपटते. प्रत्येक लाटेला माझा मणका
हजेरी देत होता.
विकणारा ओरडून काही सांगत होता,
काय ते इंजिनात ऐकू येईना,
आणि मला एकदम घरी आल्यासारखं झालं.
शेडमध्ये आम्ही सगळे
ओठ बघूनच बोलायचो.

मग त्यानं इंजिन बंद केलं.
लांब चिखलात रोहित उभे होते,
शंभरेक असतील, बहुतेक एका पायावर.
नागमणीनं काठावरून हात खाली सोडला.
मोठीत तो पोचला नव्हता. मी बघितलं होतं.
इथं मनगटापर्यंत बुडला.
पहाटे तीनला उठून घागरी, पिंप, बादल्या,
शेवटी तांब्यासुद्धा भरून ठेवणारी बाई
काहीही न भरता
बसून राहिली.
पाच मिनिटं असतील. जास्तच असतील.
काठावर उतरल्यावर तिनं हात पदराला पुसला नाही,
तसाच वाळू दिला.

बयाणा लहानीचा दिला. अकरा हजार.
टेंभुर्णीला चहाला थांबलो.
ती बशीत चहा ओतत होती.
मी पान आणतो म्हणून बाहेर आलो
आणि विकणाऱ्याला फोन लावला:
ते साडेवीसवालीचं शेवटचं किती,
सहज विचारतोय.